डावीकडून आलेली स्कूटर

माझ्या मावशीला आमच्याच बिल्डिंगमधल्या माणसाने, आमच्याच गेटसमोर, झेब्रा पट्ट्यांवर, उलट्या बाजूने येऊन स्कूटरने उडवलं. दिवस सोमवार, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तो. वेळ सकाळी सव्वासात. जागा पुण्यातलं हडपसर, मांजरी गावाकडे जाणारा रस्ता.

ही सवय पत्रकं लिहून लागलेली आहे. कोणाला, कधी, कुठे, ते पहिल्या ओळीत सांगून टाकायचं. कारण दुसऱ्या ओळीपर्यंत कुणी वाचत नाही, सिग्नल सुटतो आणि पत्रक चाकाखाली जातं. शनिवार-रविवार मी आणि माझ्यासारखे चार जण चौकात उभे राहून पायी चालणाऱ्यांच्या हक्काची पत्रकं वाटतो. लोक ती घेतात, त्याने हेल्मेटची काच पुसतात. हेल्मेट असलंच तर. एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "तुम्हाला घरी काही काम नसतं का?" मी म्हटलं, "असतं. पण रस्ता ओलांडता आला तर घरी जाईन ना."

तर घरचंच काम निघालं.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते. महापालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवते, निवृत्तीला आता फार दिवस राहिलेले नाहीत. तिचा आवाज असा की वर्ग गप्प बसतो आणि आमचं घरही. सकाळी ती गेटमधून निघते, झेब्रा पट्ट्यांवरून रस्ता ओलांडते आणि पलीकडच्या थांब्यावर बस पकडते. सुट्ट्या सोडल्या तर यात कधी बदल नाही.

आता रस्ता कसा आहे ते सांगते, कारण सगळं भांडण त्याच्यावर आहे. गेटमध्ये रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की मध्ये दुभाजक दिसतो. आपल्या बाजूची वाहतूक उजवीकडून येते, डावीकडे जाते. उजव्या हाताला चौक आणि सिग्नल. डाव्या हाताला, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर, दुधाची डेअरी, भाजीवाली आणि इस्त्रीवाला. जाताना सगळेच सरळ जातात, अडचण येतानाची. कायद्याने यायचं तर आणखी पुढे जाऊन पुलाखालून वळायचं, पलीकडच्या बाजूने आपलं गेट बघत बघत चौकापर्यंत जायचं, तिथे पुन्हा वळायचं आणि मग घर. आमची बिल्डिंग असं काही करत नाही. आमची बिल्डिंग डेअरीपासून गेटपर्यंत सरळ उलटी येते. बँकेतून निवृत्त झालेले, आयटीत जाणारे, दवाखाना चालवणारे, देवदर्शन करून येणारे, सगळे. हातात दुधाची पिशवी, पायाशी कोथिंबीर, आणि समोरून येणाऱ्या बसकडे असं बघायचं की जणू बसच चुकलीय.

पुण्यात उलटं कोण येत नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण आमच्या सोसायटीने एक पाऊल पुढे टाकलं. आम्ही ते शिस्तीत बसवलं. रीतसर मिटिंग झाली, आणि लिफ्टमध्ये पाटी लागली: "उलट दिशेने येणाऱ्या सभासदांनी कडेने, सावकाश व एका रांगेत यावे. हॉर्नचा अनावश्यक वापर टाळावा." खाली व्यवस्थापन समिती. गेटच्या खांबावर फुगीर आरसा बसवला, डेअरीच्या दिशेला तोंड करून, म्हणजे उलटे येणारे आणि गेटमधून निघणारे एकमेकांना धडकू नयेत. आणि सकाळच्या वेळी वॉचमनने रस्त्यावर उभं राहून शिट्टी मारायची, असं ठरलं. शिट्टी कोणासाठी? उजवीकडून, बरोबर बाजूने येणाऱ्या माणसाने थांबावं म्हणून. आमचे लोक यायचे असतात ना!

मावशीने ती पाटी वाचली त्या दिवशी लिफ्टमध्येच म्हणाली, "चोरांनीही रांगेत यावं, असं लिहिलंय हे."

पाटीचा मजकूर बी विंगमधल्या काकांचा. हे काका सोसायटीचे खजिनदार. चांगला माणूस, असं सगळे म्हणतात आणि ते खोटंही नाही. गणपतीत आरतीची वेळ पाळतात, कोणाकडे मयत झालं तर आधी पोचतात, मला लहानपणी त्यांनी भूमिती शिकवलीय. त्या सोमवारी सकाळी स्कूटरवर तेच होते.

मी तेव्हा वर ओट्याशी चहा गाळत होते. आवाज आला तो ब्रेकचा नव्हता. स्टीलचा डबा डांबरावरून गडगडत जातो ना, तसा. मी आणि आई खाली धावलो. मावशी पट्ट्यांवर एका अंगावर पडलेली, साडी गुडघ्यापर्यंत वर गेलेली, आणि ती पाय हलवायच्या आधी पदर नीट करत होती. भोवती बिल्डिंगमधले सात-आठ जण. काका तिच्या शेजारी उकिडवे बसून पाणी पाजायला बघत होते.

स्कूटर कुठेच नव्हती.

ती पार्किंगमध्ये होती, त्यांच्या जागेवर, स्टँडवर लावलेली. ॲम्ब्युलन्सला फोन आईने केला. म्हणजे मावशी रस्त्यात पडलेली असताना या चांगल्या माणसाने आधी गाडी नेऊन जागेवर लावली, दुधाची पिशवी हुकाला तशीच ठेवली, आणि मग परत येऊन पाण्याची बाटली उघडली. आणि सगळ्यात आधी, ती पडल्या पडल्या, त्यांनी मावशीला काय विचारलं माहीत आहे? "अहो, बघून चालता येत नाही का?"

हे मला मावशीने ॲम्ब्युलन्समध्ये सांगितलं. कण्हत नव्हती, रागाने सांगत होती. "सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या. उजवीकडे रस्ता मोकळा होता, मी बघितला. पाऊल टाकलं. हा डावीकडून."

डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला.

दुसऱ्या दिवशी काका हॉस्पिटलमध्ये आले, शहाळी घेऊन. खुर्चीवर टेकले, हात चोळले. "झालं ते फार वाईट झालं. आता असं आहे, चूक काय, दोघांचीही असते अशा वेळी. आपण मनात नको धरायला."

मावशीने उशीवरचं डोकं हलवलंही नाही. "शहाळी ठेवा. आणि तुमची अर्धी चूक कुठली तेवढी सांगून जा."

काका हसले. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. "तुम्ही तर मुलांना शिकवता, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडा म्हणून!"

"शिकवते. गल्लीतून जाताना कुत्री-मांजरी येतात म्हणून. मध्ये दुभाजक असला की डावीकडून माणूस येत नाही."

आई मध्ये पडली. "ताई, अगं हळू." काका उठले आणि म्हणाले की त्यांची गोळी घ्यायची वेळ झालीय. शहाळी खिडकीत राहिली. आम्ही ती शेजारच्या पेशंटला दिली.

त्या संध्याकाळी पोलीस चौकीतले हवालदार जबाब घ्यायला आले. मोठ्या मिशांचे, थकलेले गृहस्थ. बोलायला वाईट नव्हते. मावशीने सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, आणि मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "आता बघा बाई, समोरच्यांचा जबाब सकाळीच झालाय. ते म्हणतात, मी चौकाकडून येत होतो, आपल्या बाजूने. बाई एकदम रस्त्यात आल्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चौकाकडून! म्हणजे उजवीकडून! हुकाला डेअरीची पिशवी आणि माणूस चौकाकडून येत होता!

मावशी म्हणाली, "उजवीकडून आले असते तर मला दिसले असते. मी उजवीकडेच बघत होते. आणि मोडलाय कुठला पाय? डावा."

"पडताना माणूस कसंबी पडतं, बाई."

"मग तिथे उभे असलेल्यांना विचारा."

"विचारलं की. गेटवर गेलतो. वॉचमन म्हणतो, मी पाण्याची मोटर लावायला आत होतो. बाकीचे म्हणतात, आम्ही नंतर आलो. गाडी अपघाताच्या जागेवर नाही. कॅमेरा पार्किंगकडं तोंड करून हाय." खरंच आहे. आमच्या सोसायटीचा कॅमेरा रस्ता बघत नाही, गाड्या बघतो. ओरखडा कोणी काढला ते कळावं म्हणून. "एक साक्षीदार आणा. एक आणला तरी पुरे. नाहीतर कागदावर काय जाणार? पादचारी महिला निष्काळजीपणे रस्ता ओलांडत असताना, असं."

हवालदार गेले. मावशी म्हणाली, "पाय मोडला तो मोडला. वय झालंय, कधीतरी मोडलाच असता. पण निष्काळजी? मी? पोरांची रांग करून मी शाळेसमोरचा रस्ता ओलांडून दिलाय इतकी वर्षं. हा शब्द माझ्या नावापुढे लागलेला मला चालणार नाही. तू ती पत्रकं वाटतेस ना? मग बघ काहीतरी."

मागणं एवढंच होतं, एक शब्द खोडायचा. नुकसानभरपाईचं ती बोललीही नाही.

मी बिल्डिंगमध्ये आले तेव्हा तिथे निकाल लागून गेला होता. दोष कोणाचा? लिफ्टमध्ये मला सांगितलं गेलं की दोष वॉचमनचा, कारण त्याने शिट्टी वाजवली नाही. जिन्यात सांगितलं गेलं की दोष आरशाचा, तो पावसाळ्यापासून जरा वाकलाय. भाजीवालीपाशी एक आजी हळहळल्या, "तुझ्या मावशीची नजर कमी झालीय का गं? चष्म्याचा नंबर तपासून घ्या." वॉचमन झाला, आरसा झाला, चष्मा झाला. स्कूटरवर माणूस होता हे कोणी उच्चारेना.

मग मला जे येतं ते मी केलं. एकपानी पत्रक काढलं. कोणाला, कधी, कुठे. खाली लिहिलं: त्या सकाळी गेटसमोर जे जे होते त्यांनी चौकीत जाऊन पाहिलं ते सांगावं. प्रत्येक दाराच्या कडीत अडकवलं, आणि एक लिफ्टमधल्या त्या पाटीखाली चिकटवलं. संध्याकाळपर्यंत लिफ्टमधलं निघालं होतं. पाटी होती तशी होती.

रविवारी पार्किंगमध्ये मिटिंग बोलावली, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. विषय अपघाताचा नव्हता, माझ्या पत्रकाचा होता.

"हे बघ," सेक्रेटरी म्हणाले, "तुझं दुःख आम्ही समजू शकतो. पण घरातली गोष्ट रस्त्यावर आणायची नसते."

"घरातली कुठे? रस्त्यावरच घडलीय. काकांनीच ती आणून पार्किंगमध्ये लावली."

दोघं-तिघं हसले आणि लगेच खोकले. काका पुढच्या रांगेत बसले होते, मांडीवर हात ठेवून. माझ्याकडे बघत नव्हते.

एक जण उठले, आयटीतले, सकाळी पोरीला सोडून येतात. "ओके, फाइन. पण प्रॅक्टिकली बोल ना. दूध आणायला आम्ही पुलाखालून राउंड मारून यायचं? रोज? पेट्रोलचा विचार कर, ट्रॅफिकचा कर."

"चालत जा. डेअरी इथून दिसते."

"चालत?" त्यांनी असं विचारलं की जणू मी पोहत जा म्हटलं. "त्या रस्त्याने? चालायला जागा आहे का तिथे? लोक उलटे येतात, अंगावर येतात."

कधीकधी माणसाला स्वतःचं वाक्य ऐकू येईपर्यंत थांबावं लागतं. त्यांना ते ऐकू आलं नाही. ते बसले.

मग मी उभी राहून सरळ विचारलं. "त्या दिवशी मी खाली आले तेव्हा इथले सात-आठ जण मावशीभोवती उभे होते. मी तोंडं पाहिलीत. तुम्ही होतात, तुम्ही होतात, वहिनी, तुम्ही होतात, स्कूटी बाजूला लावून. स्कूटर कुठून आली ते कोणी पाहिलं? एकानेही चालेल. हवालदार म्हणालेत, एक पुरे."

कोणी बुटाची नाडी बघत होतं, कोणी फोन. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मला वाटत होतं की हे भित्रे आहेत, शेजारधर्म पाळताहेत, काकांना घाबरताहेत. तसं नव्हतं. ज्यांनी पाहिलं ते सगळे त्याच बाजूने येत होते! काकांच्या मागे, रांगेत, पाटीवर लिहिल्याप्रमाणे. काका उलटे आले हे सांगायचं तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे: तुम्ही कुठे होता? आणि त्याचं उत्तर आहे: मी त्यांच्या मागे होतो.

आम्ही नियम मोडायला रांग लावली होती, आणि त्या रांगेतून एकही साक्षीदार उभा राहू शकत नव्हता.

सेक्रेटरी म्हणाले, "विषय इथे संपवू या. चहा घेऊन जा सगळ्यांनी." मी चहा घेतला नाही. आईने घेतला, तिला भांडण झेपत नाही. जिन्यात म्हणाली, "उद्या याच लोकांत राहायचंय आपल्याला."

"हो ना," मी म्हटलं, "आणि याच रस्त्यावर."

त्या आठवड्यात मावशी घरी आली. वॉकर घेऊन पलंगापासून खिडकीपर्यंत जायची आणि खिडकीतून खाली बघायची. खाली काय, तेच. दूध, कोथिंबीर, आरसा, शिट्टी. वॉचमनला आता शिट्टी जोरात मारायची ताकीद होती. मावशी बघायची आणि मला हाक मारायची. "ये, बघ. आज डॉक्टरही आले उलटे. हाडांचे असते तर म्हटलं असतं, धंद्याला निघालेत."

एका दुपारी दार वाजलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. मिटिंगमध्ये मी बोट केलं होतं त्याच. हातात डबा होता, शेंगदाण्याचे लाडू. त्या मावशीच्या पलंगाशी बसल्या आणि बराच वेळ लाडवांबद्दल बोलत राहिल्या. गूळ कुठला, शेंगदाणे किती भाजायचे. मावशीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लाडू चांगले झालेत. आता बोल."

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मावशी, मी त्यांच्या मागेच होते. मुलीला शाळेत सोडून येत होते. सगळं पाहिलं. तुम्ही उजवीकडे बघून पाऊल टाकलंत. ते डेअरीकडून आले, पिशवी हलत होती म्हणून ती सावरत होते, समोर बघतच नव्हते."

"मग?"

"मग काय. मी पण उलटीच येत होते ना."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मावशीने हाताने गप्प केलं. वर्गातली खूण आहे ती, मला लहानपणापासून कळते.

"मला झोप लागत नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासाठी वाईट वाटतं म्हणून नाही. म्हणजे तेही आहेच. पण मी दोन मिनिटं आधी निघाले असते तर पुढे मी असते. तुम्हाला मीच उडवलं असतं. आणि मग मीसुद्धा स्कूटी नेऊन आत लावली असती का? हे मला सांगता येत नाही. आणि बिल्डिंगने माझीच बाजू घेतली असती. सगळ्या म्हणाल्या असत्या, त्या मावशींना दिसत नाही हल्ली."

मावशी म्हणाली, "मी तुला चौकीत चल म्हणणार नाही. तुला इथेच राहायचंय, तुझी मुलगी इथेच खाली खेळते. पण तू आलीस आणि मला सांगितलंस, हे मला पुरत नाही. मला माहीतच आहे काय झालं. जिथे लिहायचंय तिथे सांग, नाहीतर सांगू नकोस."

इतकं कोरडं कोणी बोलतं का घरी आलेल्या बाईशी? मला वाटलं, संपलं, गेली आता ही. वहिनी उठल्या, डबा टेबलावर ठेवला. "डबा घाईने परत करू नका," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मी मावशीवर चिडले. मिळालेला एक साक्षीदार घालवलास, म्हटलं. तिने लाडू खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन. "चौकी किती वाजता उघडी असते गं?"

मी त्यांच्याबरोबर गेले. आम्ही पुलाखालून वळून गेलो आणि चौकातून वळून आलो, हे सांगायला हवं असं नाही, पण सांगते. चौकीत तेच हवालदार होते, समोर अर्धा चहा. त्यांनी कागद ओढला, वहिनींनी सांगायला सुरुवात केली. दिवस, वेळ, काका कुठून आले, मावशी कुठे होती. हवालदार शांतपणे लिहीत होते. मग, ठरल्याप्रमाणे, तो प्रश्न आला.

"तुम्ही नेमक्या कुठं होता?"

"त्यांच्या मागे. स्कूटीवर."

"मागे म्हणजे…" पेन थांबलं. "म्हणजे तुम्हीपण उलट्या बाजूने?"

"हो."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. "मॅडम, असं कोण लिहून देत नाय. तुम्ही असं करा, गेटपाशी उभ्या होतात म्हणा. तेवढंच पुरतं."

"गेटपाशी उभी नव्हते."

"तुमच्याच भल्याचं सांगतोय. उलट्या आलात असं लिहिलं तर दंडाची पावती करावी लागंल मला."

"करा की," वहिनी म्हणाल्या. "पावती करा आणि ते पण लिहा. उलटी येत होते म्हणूनच सगळं दिसलं. गेटपाशी उभी असते तर आरसा बघत बसले असते."

हवालदारांनी पहिल्यांदा हसू दाबलं. लिहिलं. शेवटी सही घेताना म्हणाले, "एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा बघतोय. साक्षीदार स्वतःचीच पावती मागतोय."

त्यानंतर काय झालं? फार काही नाही, असं म्हणणारे आहेत. काकांचा जबाब पुन्हा घेतला गेला. या वेळी त्यांना डेअरी आठवली. पुढचं कोर्टात जाईल, चालेल तितका काळ चालेल. काकांनी अजून माफी मागितलेली नाही. लिफ्टमध्ये भेटले तर ते मजल्यांचे आकडे बघतात. वहिनींना सोसायटीच्या ग्रुपवरून काढून टाकलं, आणि त्यांच्या मुलीला वाढदिवसाला दोन घरांनी बोलावलं नाही. वहिनी पुलाखालून वळून येतात, रोज. त्यांना उशीर होतो आणि त्या तो होऊ देतात. बाकी रांग अजून येते. मी खोटं कशाला सांगू? एका जबाबाने बिल्डिंग सुधारत नाही.

पण चौकीतल्या कागदावर निष्काळजी हा शब्द आता मावशीच्या नावापुढे नाही. तिला ते वाचून दाखवलं, तर म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. काठी घेऊन ती शाळेत जायला लागली आहे. रस्ता ओलांडताना आता डावीकडेही बघते, आणि बघावं लागतं याचा तिला भयंकर राग येतो. तो राग तिने सोडू नये, असं मला वाटतं. सावध राहा, जपून चाला, दोन्हीकडे बघा, हे सल्ले पायी चालणाऱ्यालाच का? ज्याच्याकडे चाक आहे त्याला कोणी का सांगत नाही?

म्हणून आता तुम्हाला सांगते. हे पत्रक नाही, पुस्तकाचं पान आहे. इथे सिग्नल सुटत नाही, त्यामुळे शेवटपर्यंत आला आहात असं धरते. तुम्हीही पाहिलं आहे. येरवड्यात असेल, कोथरूडला असेल, तुमच्याच गल्लीच्या तोंडाशी असेल: कोणीतरी पडलं, तुम्ही थांबलात, पाणी दिलंत, आणि कोणी विचारलं तेव्हा म्हणालात, "मी नंतर आलो." तुम्ही नंतर आला नव्हता. ज्या माणसाला तुम्ही पडताना पाहिलं त्याच्या नावापुढे आज कुठल्यातरी कागदावर एक शब्द लिहिलेला असेल, आणि तो तुमच्यामुळे तिथे आहे.

चौकीत जा. उशीर झाला असला तरी जा. पाहिलं ते सांगा, आणि विचारतील तेव्हा हेही सांगा की तुम्ही कुठल्या बाजूने येत होता. पावती होईल. होऊ द्या. आजच जा, आणि जाताना पुलाखालून वळून जा.